रफार

रविवार कारंजावरच्या दुकानात
पत्रिकांचे अल्बम पाहून झाले.
मखमली, सोनेरी, एक तर उघडली की सनई वाजवणारी.
आईला म्हटलं, चल घरी.
पत्रिका मी करते.

हॉलमधल्या कॉम्प्युटरवरचं
क्रोशाचं झाकण काढलं.
दोन रात्री नुसत्या फॉन्ट शोधण्यात गेल्या.
एकात श्री फुटायचा,
एकात ळ च्या जागी रिकामा चौकोन,
आणि जो खरंच देखणा होता
त्यात माझ्या नावातला रफार
व वरून उडून री वर जाऊन बसायचा.
शवर्री.
पुष्कर फोनवर हसला,
म्हणाला, हरकत नाही, हिच्याशीही करतो.

आई मागे स्टुलावर, मांडीवर मेथी,
मजकूर सांगत होती.
चि. सौ. कां. लिही.
मी म्हटलं, सौभाग्याची कांक्षा मला आहे
हे सगळ्या पळशाला कशाला कळवायचं?
मग त्याचं चि. पण काढ, ती म्हणाली.
काढलं.
दोन्ही नावं एकदम
चष्मा उतरवलेल्या चेहऱ्यांसारखी दिसायला लागली.

वसंतमामा काकांच्या खाली नको, शेजारी घे.
शेजारी जागा नव्हती.
मग सगळ्यांचीच नावं बारीक केली,
म्हणजे कुणी रुसणार नाही
आणि कुणाला वाचताही येणार नाही.

रफार शेवटी मी माउसने काढला,
सुटा,
आणि उचलून व वर ठेवला.
थोडा वेळ तसाच धरून बसले,
डिंक वाळायचा असल्यासारखी.

दादा जेवून आले आणि उभे राहिले.
चौतीस वर्षं प्रेसमध्ये,
नोटा तपासायच्या टेबलावर.
रोज संध्याकाळी फाटकावर
खिसे उलटे करून दाखवणारा माणूस.
तिथून घरी आला तो फक्त शाईचा वास,
तोही कार्बोलिक साबणाने धुतलेला.
शाळेत मुली विचारायच्या, तुझे वडील नोटा छापतात ना?
मी म्हणायचे, हो, पण आमच्या नाही.

पहिली प्रत निघाली.
त्यांनी ती ट्यूबलाइटखाली धरली,
कपाटातून भिंग आणलं, जे मी कधी पाहिलंच नव्हतं.
लाल अर्धा केस डावीकडे सरकलाय.
दादा, कोण बघणार आहे?
त्यांनी उत्तर दिलं नाही.
कोपऱ्यात पेन्सिलची छोटी फुली.
पुन्हा काढ.

पुन्हा काढली. पुन्हा फुली.
साडेअकराला जांभळा संपत आला
आणि मोर गुलाबी व्हायला लागले.
आई झोपायला गेली. प्रिंटर खाकरत राहिला.
बाराच्या पुढे कधीतरी एक प्रत
त्यांनी भिंगाखालून खूप वेळ काढलीच नाही,
मग नुसती मान हलवली.

मी आवरायला घेतलं.
थांब, ते म्हणाले, खराब किती झाल्या?
तिथे एकेका खराब कागदाचा हिशेब द्यावा लागायचा,
आणि सवय कुठे निवृत्त होते.
ते सोफ्यावर बसून मोजायला लागले,
अंगठ्याला थुंकी लावून, ओठ न हलवता.
बावीस.
तेवीस निघाल्या होत्या.
सोफ्याखाली पाहिलं. यूपीएसच्या मागे,
मेथीच्या देठांच्या वर्तमानपत्रात.
रफाराच्या आधीची, अगदी पहिली
मिळत नव्हती.

तेव्हा दिसलं.
पांढऱ्या शर्टाचा खिसा, पातळ झालेला,
आणि आत चौघडी कागद,
त्यातून उलटं, फिकट जांभळं
शवर्री.

मी म्हटलं, मोजताना चुकलं असेल, दादा.
तिथे कधी नाही चुकलं, ते म्हणाले,
पण आवाज जरा लहान होता.
खिशावर हात ठेवून उठले,
पाणी प्यायले,
बावीस प्रती रबर लावून माझ्या हातात दिल्या.

मी खोलीच्या दारात उभी होते.
बाजूला झाले
आणि त्यांना आत जाऊ दिलं.